टर्मिनल बूट : जहाजांतील व विमानांतील विद्युत जोडांचे निरोधक आवरण

वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला लग (भोक असलेले धातूचे टोक) आणि तो ज्यावर आवळलेला असतो तो स्टड (आट्यांचा खुंट), या दोहोंना झाकणाऱ्या रबरी किंवा प्लास्टिकच्या टोपीला टर्मिनल बूट म्हणतात. कामावरच्या बोलण्यात तो नुसता ‘बूट’ किंवा ‘टोपी’ असतो. विमानांच्या पुस्तिकांत त्याला ‘निपल’ असेही म्हटलेले आढळते. स्टडच्या रांगेवर बसणारे पारदर्शक झाकण, कनेक्टरच्या पाठीमागचे साच्यात घडवलेले आवरण आणि तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी ही याच कुळातली. घरातला विजेचा जोड भिंतीतल्या डब्यात कोरडा आणि स्थिर असतो. जहाजात आणि विमानात तोच जोड बॅटरी, स्टार्टर, जनरेटर यांच्या अंगावर थरथरत, तेल आणि ओल सोसत राहतो. बिघडला तर दुरुस्तीवाला येईपर्यंत थांबण्याची सोय तिथे नसते, म्हणून या लहानशा टोपीकडे फार गांभीर्याने पाहिले जाते.

बूट माणसाला झटका बसू नये म्हणून असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. विमानातला किंवा बोटीतला २४ ते २८ व्होल्टचा डीसी पुरवठा कोरड्या हाताला सहसा जाणवतही नाही. धोका निराळाच असतो. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला आणि त्या वाटेतला एकूण रोध १० मिलिओहम इतकाच असला, तर २४ व्होल्टला २,४०० अँपिअर प्रवाह वाहतो. पाना जागच्या जागी वेल्ड होतो, बोटातली अंगठी क्षणात तापून लाल होते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीभोवती हायड्रोजन साठलेला असेल तर ती एक ठिणगी स्फोटाला पुरते. धातूच्या विमानात सांगाडाच ऋण टोकाला जोडलेला असतो. त्यामुळे पाना दोन्ही टोकांना लागण्याचीही गरज नाही. धन टोक आणि शेजारची पट्टी एवढे पुरे. म्हणूनच पहिला बूट धन टोकाला हवा, आणि बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडवायचे. पेट्रोल इंजिनाच्या छोट्या नौकांसाठीच्या अमेरिकी नियमातही नेमके हेच आहे : बॅटरी अशी बसवावी की धातूची वस्तू तिच्या अर्थिंग न केलेल्या टोकाला लागू शकणार नाही.

माणसाच्या जिवाचा प्रश्न मात्र जहाजावर वीज आली त्याच सुमाराला उभा राहिला. एडिसनचे दिवे घेऊन ‘कोलंबिया’ हे अमेरिकी जहाज १८८० मध्ये समुद्रावर गेले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश नौदलात दाखल झालेल्या ‘इन्फ्लेक्सिबल’ या युद्धनौकेवर ८०० व्होल्टच्या डीसी जनरेटरवर दिवे लावले होते. १८८२ मध्ये तिच्यावर विजेच्या धक्क्याने एकाचा मृत्यू झाला. ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरचा तो अशा प्रकारचा पहिला बळी. त्यानंतर नौदलाने ८० व्होल्ट हे प्रमाण ठरवले. व्होल्टेज उतरवणे हा त्या काळाला साधणारा उपाय होता. आज व्यापारी जहाजांवर ४४० व्होल्ट सर्रास असतात आणि मोठ्या जहाजांवर ६.६ किलोव्होल्टही, त्यामुळे सारी भिस्त आवरणावर आली आहे.

त्या काळी निरोधकाचे काम गटापर्चा (एका झाडाचा घट्ट होणारा चीक), रबर आणि वार्निश पाजलेले कापड यांवर भागत असे. खरा बदल विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाला. पॉलिएथिलिनवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. मग ते तापवून फुगवले आणि ताणलेल्या स्थितीत थंड केले तर तो आकार टिकतो, पण पुन्हा तापवताच ते मूळ मापावर येऊ पाहते. पॉल कुक यांनी १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या रेकेम कंपनीने हा गुण व्यवहारात आणला. हीट श्रिंक नळी आणि तिच्याच तत्त्वावरचे साचेबंद बूट तिथून विमानांत आणि जहाजांत पसरले. आतून गोंद लावलेली नळी आवळताना गोंद वितळून वायरीभोवतीची फट भरतो. समुद्रावर हा गोंद फार मोलाचा आहे.

समुद्राचे खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे. लाटेचे शिंतोडे वाळून मिठाचा थर उरतो, रात्रीच्या दमटपणात तो पाझरतो, आणि दोन टोकांमधल्या प्लास्टिकवरून बारीक प्रवाह सरकू लागतो. ठिकठिकाणी सूक्ष्म ठिणग्या उडून पृष्ठभाग करपतो आणि कोळशाची काळी, फांद्या फुटलेली रेघ तयार होते. मग मीठ पुसून काढले तरी ती रेघ वीज वाहतच राहते. दुसरीकडे ताकाने पितळेचे भांडे कळकते तशी तांब्याची वायर हिरवी पडते, आणि डीसीच्या धन टोकाला हे झपाट्याने होते, कारण तिथले तांबे प्रवाहच विरघळवून नेतो. सर्वांत वाईट बाब दिसत नाही : पेडांच्या वायरीत खारे पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढते. जुना बूट मागे सरकवला की लगच्या गळ्याशी हिरवी भुकटी दिसते. ती खरवडून वायरीचे आवरण थोडे सोलले तर आतली तांबडी वायर काळी झालेली असते. आणखी सोलावे तर तिथेही काळीच. कल्हईच्या वायरीला हा रोग उशिरा लागतो, म्हणून नौकांवर तीच वापरावी.

विमानातला शत्रू विरळ हवा आहे. ४०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतो, आणि हवा विरळ झाली की तिची वीज अडवण्याची ताकदही उतरते. हवेत साधारण ३२७ व्होल्टच्या खाली, दाब काहीही असो, ठिणगी पेटत नाही. जुन्या विमानांतले २८ व्होल्ट डीसी आणि ४०० हर्ट्झचे ११५ व्होल्ट एसी या मर्यादेच्या आत राहत. बोईंग ७८७ मध्ये २३५ व्होल्ट एसी आणि अधिक-उणे २७० व्होल्ट डीसी आहे. त्या दोन डीसी तारांमधला फरक ५४० व्होल्टचा, म्हणजे या मर्यादेपलीकडचा होतो. इथे बुटाच्या आत राहून गेलेला हवेचा बुडबुडाही महाग पडतो. त्या पोकळीत विद्युतक्षेत्र एकवटते, बारीक विद्युत विसर्ग (सूक्ष्म ठिणग्या) सुरू होतात आणि निरोधक आतून कुरतडला जातो. बाहेरून बूट नवाकोरा दिसत असतो.

शिवाय विमान श्वास घेते. वर चढताना आवरणांतली हवा बाहेर पडते आणि उतरताना खालची आत ओढली जाते. जुलैत मुंबईत उतरणाऱ्या विमानाचे धातूचे भाग उंचीवरच्या थंडीने गारठलेले असतात आणि आत येणारी हवा पावसाळी असते. फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या तांब्यासारखा तो धातू पाझरतो. म्हणून वायर कनेक्टरकडे सरळ उतरत नेत नाहीत; तिला आधी खाली झोळ देऊन मग वर घेतात, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून जातो. वायरींवर प्लास्टिकची नळी चढवली असेल तर तिच्या सर्वांत खालच्या जागी सुमारे ३ मिलिमीटरचे भोक ठेवतात. तोंड वर करून बसवलेला ढिला बूट हा बूट नव्हे, पाणी साठवणारी वाटी आहे. असा बूट नसता तर जोड निदान वाळला तरी असता.

आवरण कशाचे असावे, यावर एकच उत्तर नाही. साधी पॉलिओलेफिन नळी १३५ अंश सेल्सिअसपर्यंत, सिलिकोन सुमारे २०० पर्यंत आणि टेफ्लॉन २६० पर्यंत टिकते. पण निवड तापमानावर थांबत नाही. प्रवासी विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेतले फॉस्फेट एस्टर तेल निओप्रिन रबराला फुगवून मऊ करते, त्याच्यापुढे ईपीडीएम रबर टिकते. हेच ईपीडीएम जहाजाच्या इंजिनखोलीत नेले तर डिझेलने फुगते, आणि तिथे निओप्रिन किंवा नायट्राइल बरे. दुकानात दोन्ही काळे, दोन्ही सारखेच दिसतात. पीव्हीसी स्वस्त आहे, पण जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. बंद जहाजात किंवा केबिनमध्ये ज्वाळेआधी तो धूर माणसाला गाठतो, म्हणून हॅलोजनविरहित (क्लोरिनसारखी मूलद्रव्ये नसलेल्या) पदार्थांकडे कल वाढला आहे. चिकटपट्टी गुंडाळणे हा उपाय नाही. जहाजावरची विद्युत सामग्री भोवतालचे तापमान ४५ अंश धरून बनवतात. त्या उष्णतेत पट्टीचा गोंद ओघळतो, पट्टी सुटते आणि उरलेल्या चिकट्यावर धूळ व तेल बसते.

बसवण्याचे कौशल्य एका क्रमात आहे : बूट आधी, लग नंतर. वायर कापली की प्रथम बूट तिच्यावर चढवून मागे सरकवायचा, मग टोक सोलून लग दाबून बसवायचा, ओढून पाहायचा, स्टडवर ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळायचा आणि शेवटी बूट पुढे आणायचा. वाकून, एका हातात टॉर्च धरून काम करणाऱ्याच्या, बूट चढवायचा राहिला, हे लग आवळल्यावर लक्षात येते. अशा वेळी बूट उभा चिरून चढवण्याचा मोह होतो. चिरलेल्या बुटाला जोडाचे संरक्षण म्हणता येत नाही. लग कापून काम पुन्हा करावे. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार एका स्टडवर चारपेक्षा जास्त लग नसावेत. बुटाच्या दृष्टीनेही ते योग्य आहे, कारण गर्दी झालेल्या स्टडवर कोणतीच टोपी धड बसत नाही. रंगांत लाल धनाचा आणि काळा ऋणाचा. अमेरिकी नौकांवर ऋणाला पिवळाही चालतो, कारण तिथे एसीची जिवंत वायर काळी असते.

कनेक्टरची न वापरलेली भोकेही उघडी ठेवत नाहीत, त्यांत प्लास्टिकच्या खुंट्या घालतात. सोडवून ठेवलेल्या कनेक्टरला टोपण लावतात. पुरवठ्याच्या बाजूला नेहमी भोकाचा भाग असतो, पिनांचा नाही, म्हणजे कनेक्टर सुटला तरी जिवंत धातू उघडा पडत नाही.

वायरिंगकडे दुय्यम सामान म्हणून पाहण्याची सवय मोडायला दोन मोठे अपघात घडावे लागले. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या टीडब्ल्यूए ८०० या विमानाच्या मधल्या इंधन टाकीचा स्फोट होऊन २३० जण गेले. टाकीबाहेरच्या शॉर्टसर्किटमुळे इंधनमापकाच्या वायरींतून जादा व्होल्टेज आत शिरले असावे, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअर १११ नोव्हा स्कोशियाजवळ कोसळले आणि २२९ जणांचा अंत झाला. तिथे वायरीतल्या आर्कमुळे (विजेच्या ठिणगीमुळे) छतावरचे उष्णतारोधक आच्छादन पेटले होते. दोन्ही ठिकाणी दोष बुटाचा नव्हता. मात्र २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या नियमांनी वायर, लग, बूट, क्लँप हे सारे मिळून एक स्वतंत्र यंत्रणा मानले आणि तिची तपासणीही स्वतंत्र ठरवली.

महाराष्ट्रात हे काम माझगाव डॉकमध्ये बांधल्या जाणाऱ्या पाणबुड्यांपासून ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यापर्यंत चालते. तिथे प्रत्येक जोडाला लेखी प्रमाण आहे. कोकणातल्या मासेमारी ट्रॉलरवर ते नसते. तिथे बॅटरीच्या टोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने बांधलेला दिसतो. काहीच नसण्यापेक्षा तो बरा, पण ट्यूबचे ब्यूटिल रबर डिझेलने फुगते आणि वरचे उघडे तोंड खारे पाणी आत घेते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बॅटऱ्या उतरवता येतात. काळी पडलेली वायर लखलखीत तांबे लागेपर्यंत मागे कापून, बूट आधी चढवून, नवा लग बसवायला तेवढे दोन महिने मिळतात.