पटावरच्या दाण्यांची संख्या (२⁶⁴ − १)

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४ असे दुप्पट करीत ६४ घरे भरली, तर होणारी एकूण बेरीज : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील १८ स्थाननामे परार्धाशी (१०¹⁷) संपतात. ही संख्या २० अंकी असल्याने वाचन १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी असे सुरू करावे लागते.

राजाकडे दाण्यांचे बक्षीस मागणाऱ्या सिस्साची कथा सर्वपरिचित आहे. तिचे जुने लिखित दाखले अरबी आहेत : नवव्या शतकातील इतिहासकार याकूबीकडे तिचे एक रूप आढळते, दुसरा दाखला तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकानचा. मधल्या काळात, इ. स. १००० च्या सुमारास, अल्-बीरूनी या विद्वानाने संख्या पूर्ण अंकांत मांडली. कथा हिंदुस्थानात घडते म्हणून ती इथेच जन्मली, असे मानण्याकडे कल दिसतो; पण कथेचे स्थळ हा उगमाचा पुरावा नव्हे. केरळातील अंबलपुळा येथील देवळात वाटल्या जाणाऱ्या पायसाशी (खिरीशी) जोडलेल्या, अशाच दाण्यांच्या मागणीच्या दंतकथेचा काळही निश्चित करता येत नाही. गणित मात्र येथे जुनेच आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रांत (बहुधा इ. स. पू. तिसरे-दुसरे शतक, काहींच्या मते बरेच नंतर) घातांक निम्मा करीत जाऊन २ⁿ काढण्याची रीत येते, तिच्यानुसार २ चा सहा वेळा वर्ग केला की २⁶⁴ मिळते. बीरूनीही वर्गच करीत गेला. तेवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र, a² − b² = (a − b)(a + b), पुन्हापुन्हा लावले की

२⁶⁴ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

असे अवयव पडतात. हे सर्व फेर्मा संख्या, म्हणजे २ चा पुन्हापुन्हा वर्ग करून त्यात १ मिळवलेल्या संख्या (२ + १, २² + १, २⁴ + १, …), होत. त्या साऱ्याच मूळ (१ व स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या) असाव्यात, असे फ्रेंच गणिती फेर्माने १६४० मध्ये कळवले होते. पहिल्या पाच आहेतही; सहावी ६४१ × ६७००४१७ आहे, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. पडताळा सोपा आहे. ६४१ = ५ × २⁷ + १, म्हणून ६४१ ने ५⁴ × २²⁸ − १, म्हणजेच (५ × २⁷)⁴ − १, ला भाग जातो. शिवाय ६४१ = ५⁴ + २⁴, म्हणून त्याच्या २²⁸ पटीला, ५⁴ × २²⁸ + २³² लाही जातो. वजाबाकी केली की २³² + १ उरते. म्हणजे आपल्या संख्येचे सात भिन्न मूळ अवयव आणि १२८ विभाजक आहेत. अर्ध्या पटाची बेरीज, ४२९४९६७२९५, ही पहिल्या पाचांचा गुणाकार. पट्टी व कंपासने काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या ज्ञात सुसम बहुभुजांत बाजूंची सर्वांत मोठी संख्या हीच (गाउसच्या सिद्धांतानुसार).

द्विमान पद्धतीत ही संख्या ६४ एक्के मांडून लिहिली जाते. ६४ बिटी संगणकातील सर्वांत मोठा चिन्हरहित (ऋण चिन्हाची सोय नसलेला) पूर्णांक तोच. फ्रेंच गणिती ल्यूकाच्या १८८३ मधील हनोई मनोऱ्याच्या कोड्यात (तीन खुंट्यांवर एकेक चकती हलवायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही), काशीच्या देवळात कल्पिलेल्या ६४ चकत्या हलवायला नेमक्या इतक्याच खेळ्या लागतात. सेकंदाला एक खेळी धरली, तर सुमारे ५८,००० कोटी वर्षे.