‘ईव्ही-वन’ची एकही गाडी उरली नाही?

जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या ‘ईव्ही-वन’ विजेच्या गाड्या चुरून टाकल्या, एकही शिल्लक ठेवली नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातलं अर्धं खरं आहे, आणि तेवढंही चीड आणणारं आहे.

१९९६ ते १९९९ या काळात अकराशेच्या वर गाड्या तयार झाल्या. त्या विकल्या कधीच नाहीत, फक्त भाडेकरारावर दिल्या. सगळी मेख इथेच आहे. मालकी कंपनीचीच असल्यामुळे मुदत संपताच गाडी परत करण्यावाचून ग्राहकापुढे पर्याय नव्हता. सुटे भाग पुरवता येणार नाहीत, असं कारण पुढे करून कंपनीने बहुतेक गाड्या खरोखरच चुरल्या. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथे लोकांनी उरलेल्या गाड्यांसाठी रात्रंदिवस पहारा दिला, प्रत्येकी सुमारे २४ हजार डॉलर द्यायची तयारी दाखवली. कंपनी बधली नाही.

पण सुमारे ४० गाड्या वाचल्या. त्या संग्रहालयांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना मिळाल्या, त्याही बहुतेक निकामी करून आणि रस्त्यावर न आणण्याच्या अटीवर. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडची गाडी मात्र यंत्रणेसकट शाबूत आहे.

आणि हाच न्याय त्या काळातल्या प्रत्येक विजेच्या गाडीला लावणं चूक आहे. टोयोटाने ‘रॅव्ह-फोर ईव्ही’ काही ग्राहकांना थेट विकली होती. उत्पादन २००३ मध्ये थांबलं, तरी त्यातल्या अनेक गाड्या पुढे कित्येक वर्षं रस्त्यावर धावत राहिल्या, कारण त्या मालकांच्या नावावर होत्या.