डॉसवर नेटवर्क कार्ड आणि मोडेम कार्ड बसवणे

डॉसवर (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम) चालणाऱ्या पीसीत ही दोन कार्डं स्लॉटमध्ये लावायची, प्रत्येकाला पत्ता आणि इंटरप्ट (दोन्हींचा अर्थ पुढं येतो) नेमून द्यायचा, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे छोटे प्रोग्राम, चढवायचे आणि दोन्ही एकाच वेळी चालती करायची, एवढं हे काम. "एकाच वेळी" हेच त्यातलं अवघड. एकेकटं कार्ड बहुतेक वेळा चालतंच, भांडण लागतं ते दोन्ही एका डब्यात गेल्यावर. १९९० च्या दशकात विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत पतसंस्था, जिनिंग-प्रेसिंगची ऑफिसं, संत्र्याचे व्यापारी, टायपिंगसोबत कॉम्प्युटर शिकवणारे क्लास अशा ठिकाणी फॉक्सप्रो नाहीतर क्लिपरमधलं हिशोबाचं सॉफ्टवेअर डॉसवरच चालायचं. तीन-चार मशीन जोडायला नेटवर्क कार्ड आणि बाहेरगावी डेटा पाठवायला मोडेम, म्हणजे एका तरी मशीनमध्ये दोन्ही लागायचेच.

डॉसला यातलं काही माहीत नसतं

विंडोज ९५ पासून मशीन स्वतः कार्ड ओळखायला लागलं, डॉसमध्ये तसं काही नाही. डॉसला डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन, प्रिंटर आणि सिरियल पोर्ट इतकंच कळतं, बाकी कार्ड कुठं बसलंय हे ड्रायव्हरला सांगावं लागतं आणि ड्रायव्हरला सांगितलेलं आणि कार्डाच्या जंपरवर (सेटिंगसाठी पिना जोडणारे छोटे तुकडे) असलेलं जुळलं पाहिजे. न जुळल्यास बऱ्याचदा एररसुद्धा येत नाही, मशीन नुसती लटकते.

प्रत्येक कार्डाला दोन गोष्टी लागतात. एक आय-ओ पत्ता, म्हणजे प्रोसेसर त्या कार्डाशी कुठल्या आकड्यावर बोलणार, आणि दुसरी आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट, कार्डाला काही सांगायचं असलं की ते कुठली लाईन ओढणार. काही कार्डांना मेमरीचा तुकडाही लागतो. आयसा (जुन्या पीसीतल्या) स्लॉटमधल्या दोन कार्डांना एकच आयआरक्यू दिला तर तो एकाच सर्व्हे नंबरचा दोघांच्या नावानं सातबारा काढल्यासारखा प्रकार होतो, कागदावर दोघंही मालक, पेरणीच्या दिवशी मात्र भांडण.

एटी मशीनमध्ये, म्हणजे २८६ आणि त्यापुढच्या पीसीत, ० ते १५ असे सोळा आयआरक्यू असतात पण मोकळे फार थोडे. ० टायमर, १ कीबोर्ड, २ वर दुसरा कंट्रोलर जोडलेला, ६ फ्लॉपी, ८ घड्याळ, १३ गणिताचा कोप्रोसेसर, १४ हार्ड डिस्क, आणि दुसरा आयडीई (हार्ड डिस्क जोडायचा) चॅनल असेल तर १५ पण गेला. ७ प्रिंटरचा. ५ दुसऱ्या प्रिंटर पोर्टसाठी राखीव पण तो पोर्ट सहसा नसतोच त्यामुळे साउंड कार्डवाले तिथं येऊन बसतात. १२ पीएस-२ माउसचा, तो नसेल तर रिकामा. उरले ३, ४, ९, १०, ११. आणि आठ बिटचं छोटं कार्ड असेल तर ते (२ च्या लाईनवर मिळणारा ९ सोडला तर) ७ च्या वर जाऊच शकत नाही कारण वरच्या लाईनी स्लॉटच्या पुढच्या तुकड्यात असतात, म्हणून कार्ड घेताना लांब कडेचं, सोळा बिटचं घ्यावं.

खरं भांडण कुठं लागतं

सिरियल पोर्टांचे, म्हणजे कॉम १ ते ४ चे, पत्ते ठरलेले आहेत (सगळे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, जिथं ९ नंतर ए ते एफ येतात). कॉम १ चा ३एफ८ आणि आयआरक्यू ४, कॉम २ चा २एफ८ आणि आयआरक्यू ३, कॉम ३ चा ३ई८ आणि पुन्हा आयआरक्यू ४, कॉम ४ चा २ई८ आणि पुन्हा आयआरक्यू ३. म्हणजे पत्ते चार पण लाईनी दोनच. इंटर्नल मोडेम मशीनला आणखी एक सिरियल पोर्ट म्हणूनच दिसतो, तेव्हा तो या चारपैकी एका जागी बसणार. माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर ठेवला की माउस हलवल्याबरोबर लाईन तुटते नाहीतर माउस जागच्या जागी गोठतो.

त्यात नेटवर्क कार्डाची भर. गावोगावी जे स्वस्त कार्ड मिळायचं ते नोव्हेल कंपनीच्या एनई२००० या कार्डाची नक्कल असायचं, आणि त्यातली बरीच कारखान्यातून पत्ता ३०० आणि आयआरक्यू ३ वर सेट होऊन यायची. आयआरक्यू ३ म्हणजे कॉम २, आणि मोडेम बहुतेक लोक कॉम २ वर लावणार. लॅन (ऑफिसातलं नेटवर्क) चालू, लॉगिन झालं, सगळं छान, मग कोणी मोडेमवरून नंबर फिरवला की अख्खं मशीन थिजतं, आणि बाजूच्या टेबलावरून आवाज येतो, "काहून बंद पडलं जी?"

दुसरा फसवा पत्ता ३६०. एनई२००० ला पत्त्यापासून पुढं बत्तीस जागा लागतात, म्हणजे ३६० वर ठेवलं तर ते ३७एफ पर्यंत पसरतं आणि पहिल्या प्रिंटर पोर्टचा ३७८ त्याच्या आत येतो. लॅन चालते आणि पावती छापायला गेलं की गडबड, आणि मग लोक प्रिंटरची केबल बदलत बसतात.

चालणारी मांडणी अशी: माउस कॉम १, आयआरक्यू ४. मल्टी आय-ओ कार्डावरचा (डिस्क, प्रिंटर आणि सिरियल पोर्ट एकत्र असलेलं कार्ड) दुसरा सिरियल पोर्ट जंपरनं (नव्या मदरबोर्डवर असेल तर बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून) बंद करायचा. मोडेम त्या रिकाम्या झालेल्या कॉम २ वर, आयआरक्यू ३. नेटवर्क कार्ड ३०० वर, आयआरक्यू १०. यात कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. पोर्ट बंद न करता तिथंच मोडेम लावणारे पुष्कळ, दोन पोर्ट एका पत्त्यावर बसले की मोडेम दिसतच नाही आणि दोष कार्डाला दिला जातो. हे आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवणारा मेकॅनिक भेटला तर त्याला सोडू नये. डॉस ६ सोबत येणारा एमएसडी प्रोग्राम कुठला आयआरक्यू कोणाकडं आहे ते दाखवतो पण त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये, त्याला नेटवर्क कार्ड बऱ्याचदा दिसत नाही.

जंपर, सेटअप डिस्क आणि प्लग अँड प्ले

जुन्या कार्डावर जंपर असतात, चिमट्यानं काढून लावायचे. नंतरच्या कार्डांत सेटिंग कार्डावरच्या चिपमध्ये साठवतात आणि सोबतच्या फ्लॉपीवरच्या प्रोग्रामनं बदलतात. थ्रीकॉमच्या इथरलिंक ३ चा वेगळा, रिअलटेकच्या ८०१९ चिपवाल्या कार्डांचा वेगळा. ही फ्लॉपी हरवली की कार्ड भंगार, म्हणून आधी कॉपी काढायची. प्लग अँड प्ले (कार्डाला आकडे आपोआप मिळण्याचा) मोड डॉसमध्ये बंद करूनच टाकावा, कारण आकडे नेमून द्यायला तिथं कोणी नसतं. कार्ड स्लॉटमध्ये घालण्याआधी सोनेरी कडा खोडरबरानं पुसायची, जिनिंगच्या ऑफिसात तर पुसायचीच, तिथं कापसाचं पिंज सगळीकडं जातं.

ड्रायव्हर

नेटवर्क कार्डाचे डॉसमधले ड्रायव्हर तीन घराण्यांचे. पॅकेट ड्रायव्हर सगळ्यात साधा, कमांडमध्ये सॉफ्टवेअर इंटरप्ट (सहसा हेक्स ६०), मग आयआरक्यू, मग पत्ता एवढं दिलं की चढला. टेलनेट, एफटीपी आणि आजचे डॉसचे टीसीपी-आयपी प्रोग्राम त्यावर चालतात. मायक्रोसॉफ्टवाल्यांचा एनडीआयएस, त्याचा कारभार प्रोटोकॉल.आयएनआय फाईलमध्ये. आणि नोव्हेलचा ओडीआय, तालुक्याच्या पतसंस्थेत नेटवेअर (नोव्हेलचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर) असायचं तेव्हा हाच भेटायचा.

ओडीआयमध्ये क्रम पाळावा लागतो. आधी एलएसएल, मग कार्डाचा ड्रायव्हर, मग आयपीएक्सओडीआय, शेवटी नेटएक्स किंवा व्हीएलएम. काढताना उलट क्रमानं. पत्ता आणि आयआरक्यू नेट.सीएफजी मध्ये लिहायचे आणि तिथंच फ्रेमचा, म्हणजे डेटाच्या पाकिटाचा, प्रकार. यात लोक अडकतात कारण नेटवेअर ३.११ ची सवयीची फ्रेम ८०२.३ आणि ३.१२ ची ८०२.२, सर्व्हर एक बोलतोय आणि मशीन दुसरं, कार्ड चांगलं, वायर चांगली, तरी सर्व्हर सापडत नाही. कॉन्फिग.सिस या डॉसच्या सेटिंग फाईलमधला लास्टड्राइव्ह पण पाहायचा, व्हीएलएमला तो झेड लागतो, नेटएक्सला ई ठेवला की लॉगिनचा ड्राइव्ह एफ मिळतो.

हे सगळं चढवल्यावर ६४० केबीतून काय उरतं हा पुढचा प्रश्न. लॅन लावली आणि हिशोबाचा प्रोग्राम "मेमरी पुरत नाही" म्हणायला लागला ही नेहमीची तक्रार. हायमेम आणि ईएमएम३८६ हे डॉसचे मेमरीचे ड्रायव्हर लावून, लोडहाय करून बाकीचे ड्रायव्हर ६४० केबीच्या वर ढकलायचे आणि मेम कमांडला सी स्विच देऊन कोण किती खाऊन राहिला ते पाहायचं. कार्ड मेमरीचा तुकडा वापरत असेल तर तेवढा भाग ईएमएम३८६ ला एक्स लावून वगळायचा. साध्या एनई२००० ला हे लागत नाही. लॅपटॉपच्या पीसीएमसीआयए कार्डाला लागतं, आणि नेटवर्क-मोडेम दोन्ही एकाच कार्डात असणारी कॉम्बो कार्डं याच जातीची. त्यांना डॉसमध्ये कार्ड अँड सॉकेट सर्व्हिसेस किंवा कंपनीचा छोटा एनेबलर प्रोग्राम आधी चढवावा लागतो, नाहीतर स्लॉटमध्ये काही आहे हेच मशीनला कळत नाही.

वायर

त्या काळची गावातली लॅन बहुतेक कोअॅक्सची (टीव्हीच्या केबलसारख्या गोल वायरची), टी कनेक्टरवाली. आरजी-५८ वायर, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायच्या टोप्या), एका सेगमेंटला जास्तीत जास्त १८५ मीटर आणि ३० मशीन. वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत वायर न्यायची तर १८५ मीटर पुरायचे, पण वायर मिळायची पंचाईत, मग कोणीतरी केबल टीव्हीवाल्याकडची गुंडाळी आणायचं. ती ७५ ओहमची. दिसायला सारखी, कनेक्टरही कसाबसा बसतो, आणि लॅन कधी चालते कधी नाही, जे पूर्ण बंद असण्यापेक्षा वाईट.

तपासायची सोपी रीत: सगळी मशीन बंद करून टी च्या मधल्या पिनेपासून बाहेरच्या कड्यापर्यंत मल्टिमीटर लावायचा. दोन्ही टर्मिनेटर जागेवर असतील तर साधारण २५ ओहम येतात. ५० आले तर एक टोपी कोणीतरी काढली किंवा मधे वायर तुटली. इतकं साधं आहे तरी लोक आधी ड्रायव्हर परत चढवतात. अर्थिंग फक्त एका टोकाला द्यायचं. दोन इमारती वेगवेगळ्या मीटरवर असतील आणि अर्थिंग नावालाच असेल तर कनेक्टरला हात लावला की झिणझिण्या येतात आणि कार्डं जळतात, त्याला डॉस काही करू शकत नाही. भारनियमनाच्या दिवसांत सर्व्हरचा यूपीएस दमला आणि नेटवेअर मधेच बंद पडलं की व्हॉल्यूम (सर्व्हरची डिस्क) माउंट होत नाही, मग व्हीरिपेअर हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवत बसायचं.

मोडेम आणि गावची टेलिफोन लाईन

मोडेम चालतो की नाही हे टेलिक्ससारख्या टर्मिनल प्रोग्राममध्ये एटी ही मोडेमची कमांड टाइप करून पाहायचं, ओके आलं तर पत्ता आणि आयआरक्यू बरोबर. अक्षरं दिसतात पण फार हळू किंवा थांबून थांबून येतात, तर पत्ता बरोबर आणि आयआरक्यू चुकलाय. मग नंबर फिरवायला एटीडीटी आणि नंबर. जुन्या एक्सचेंजवर टोन चालायचं नाही, तिथं एटीडीपी म्हणजे पल्स. "नो डायलटोन" येत असेल आणि रिसीव्हर उचलल्यावर टोन ऐकू येत असेल तर आपल्याकडचा टोन मोडेमला ओळखता येत नाहीये, एटीएक्स३ दिलं की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. पॅरलल फोन काढून टाकावा, नाहीतर घरातलं कोणी "हॅलो" म्हणालं की काम खलास.

वेगाचा हट्ट धरू नये. खोक्यावर २८.८ किंवा ५६ केबीपीएस लिहिलेलं असलं तरी एक्सचेंजपासून दूर, खांबांवरून आलेल्या खरखरत्या लाईनवर मोडेम पुन्हा पुन्हा वेग जुळवत बसतो, त्यापेक्षा ९६०० बीपीएसवर (९.६ केबीपीएस) बांधून टाकलेला बरा. फाईल पाठवायला झेडमोडेम प्रोटोकॉल, कारण लाईन तुटली तर तो तुटलेल्या जागेपासून पुढं पाठवतो. मोडेमवरची चिप १६५५० असेल तर उत्तम, तिच्यात १६ बाइटचा साठा असतो त्यामुळे लॅनचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसला तरी अक्षरं गळत नाहीत. १६४५० किंवा ८२५० वर गळतात.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा शेल अकाउंट (फक्त अक्षरांचं इंटरनेट) डॉसवरून मस्त चालायचं, टर्मिनल प्रोग्राम पुरे. पण ते मोजक्या मोठ्या शहरांत, वऱ्हाडातल्या तालुक्यावरून तिथं फिरवायचं म्हणजे एसटीडी, म्हणून लोक रात्री ११ नंतरच्या पाव दराची वाट पाहायचे. पुढं १७२ नं सुरू होणारे नंबर लोकल दरात लागायला लागले तोवर बहुतेकांकडं विंडोज आलं होतं.

मृगाच्या आधी-मागं ढग गडगडले की पहिला बळी मोडेमचा. पॉवरचा प्लग काढून भागत नाही, टेलिफोनची वायर पण काढायची, वीज बहुतेक वेळा तिथूनच येते, आणि इंटर्नल मोडेम असेल तर मदरबोर्डलाही सोबत घेऊन जाते. म्हणून गावात एक्स्टर्नल मोडेमच घ्यावा असं माझं मत, थोडा महाग पण जळला तर तोच जळतो.

आता कोणाला करायचं असेल तर

वजनकाट्याचं नाहीतर जुन्या हिशोबाचं डॉस सॉफ्टवेअर अजून काही ठिकाणी चालू आहे. त्यासाठी मशीन लावायचं तर आयसा स्लॉटवाला मदरबोर्ड शोधत बसायची गरज नाही. रिअलटेक ८१३९ चं पीसीआय (आयसानंतरच्या स्लॉटचं) कार्ड चालतं, त्याचा पॅकेट ड्रायव्हर आहे आणि पत्ता-आयआरक्यू बायोस देतं. डॉसबॉक्स-एक्स या एम्युलेटरमध्येही एनई२००० आहे, त्याचा ठरलेला पत्ता ३०० आणि आयआरक्यू ३, म्हणजे दुसरा सिरियल पोर्ट चालू ठेवणार असाल तर तिथंही तो १० करावा लागतो. पीसीआय मोडेम मात्र बघून घ्या, त्यातले बरेचसे विनमोडेम, अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकणारे, डॉसमध्ये ते एटीला उत्तरच देत नाहीत. सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम घ्या, त्याला ड्रायव्हर लागत नाही.