‘ऐश’चा खरा अर्थ कोणता?

‘अरबी शब्दाचा अर्थ सगळीकडे एकच असतो, आपल्याकडे वेगळा अर्थ दिसला तर तो अपभ्रंश समजावा’, असा मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. ऐकायला पटण्यासारखा आहे, कारण लिखित प्रमाण अरबी खरंच बऱ्यापैकी एकसारखी आहे. बोली मात्र तशा नाहीत.

‘ऐश’ हाच शब्द घ्या. प्रमाण अरबीत त्याचा अर्थ जगणं, जीवन. कैरोत ‘ऐश’ मागितलं तर रोटी मिळते. ‘ऐश बलदी’ ही तिथली रोजची गव्हाची रोटी. कुवेतसारख्या आखाती भागात तोच शब्द भातासाठी वापरतात. ज्यावर माणूस जगतो त्या अन्नालाच जगण्याचं नाव मिळालं. आपणही ‘पोटापाण्याला लागला’ म्हणतो, तेव्हा उपजीविकेला पोटाचंच नाव देतो. फारसीत अर्थ सुखोपभोगाकडे सरकला आणि तोच मराठीत ‘ऐशआराम’मध्ये आला. म्हणजे आपली ‘ऐश’ चुकीची नाही, तिचा प्रवास वेगळा आहे.

पडताळायचं असेल तर अरबी कोशात शब्द मूळ व्यंजनांनुसार शोधावा. ‘ऐन’, ‘या’ आणि ‘शीन’ या तीन अरबी अक्षरांच्या मुळाखाली ‘मआश’ म्हणजे उपजीविकाही सापडेल. त्याला फारसी ‘बद’ जोडून झाला बदमाश: मुळात वाईट मार्गाने पोट भरणारा. मला तर ही जोडी फारच आवडते!

एक सावधगिरी बाळगा. आखातात ‘काय?’ या अर्थी ऐकू येणारा ‘एश’ निराळा आहे. तो ‘अय्यु शय’, म्हणजे ‘कोणती गोष्ट’, यावरून आला.