किट कार : हौशी शर्यत आणि ट्रॅक-चाचणी (नागपूर)

किट कार म्हणजे सुट्या भागांचा संच विकत घेऊन किंवा हळूहळू जमवून मालकाने स्वतः जुळवलेली मोटारगाडी. सांगाडा आणि बॉडी एकीकडून येते. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टेअरिंग हे महागडे भाग एखाद्या जुन्या गाडीतून काढतात, आणि त्या गाडीला डोनर गाडी म्हणतात. अशा गाड्यांच्या हौशी शर्यती हे या छंदाचे एक अंग. शर्यतीविना बंद ट्रॅकवर गाडी पळवून पाहण्याचा दिवस, म्हणजे ट्रॅक डे, हे दुसरे. ब्रिटनमध्ये पहिले ठळक आहे. नागपुरात मात्र दुसरेच खरे. इथल्या माणसाला शर्यतीसाठी दूरगावी जावे लागते. बाकी सगळा काळ जुळवणे, मोजणे, पळवून पाहणे आणि पुन्हा पाना हातात घेणे यात जातो. ज्याला नुसता वेग हवा आहे त्याने भाड्याची गो-कार्ट चालवावी, ती पुष्कळ स्वस्त पडते.

छंदाचा उगम ब्रिटिश आहे आणि त्यामागे कर आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने ऑस्टिन सेव्हन या स्वस्त गाडीच्या भागांवर उभ्या केलेल्या घरगुती गाड्यांच्या शर्यतींना नियम घालून दिले. लोटस या मोटार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन याच वातावरणातून पुढे आले. त्यांची लोटस सेव्हन १९५७ मध्ये निघाली. तयार गाडीवर खरेदी कर बसे, सुट्या भागांवर बसत नसे, म्हणून ती संचाच्या रूपातही विकली जाई. संचासोबत जुळणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा कंपनीने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटापासून वाचल्या, असा किस्सा सांगतात. १९७३ मध्ये तिथे मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पाचशे-साडेपाचशे किलोची ही उघडी, दोन आसनी गाडी जगभरच्या हौशी बांधकामाचा नमुना होऊन बसली आहे.

भारतात हा धागा मद्रासकडून येतो. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने (स्थापना १९५३) शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरवल्या; १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किमी लांबीचा कायमचा ट्रॅक झाला. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर एक आसनी फॉर्म्युला मारुती बांधली. घरोघरच्या गाडीचे इंजिन घेऊन शर्यतीची गाडी उभी राहते, हे तिने दाखवून दिले. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांची सुरुवात याच गाडीतून झाली. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात वारले. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला त्यांचेच नाव आहे.

नागपूर देशाच्या मधोमध, झीरो माइलचा खांब इथलाच. पण ट्रॅकच्या हिशेबात ते सगळ्यांपासूनच लांब. शहरात मोटारशर्यतीचा कायमचा ट्रॅक नाही. इरुंगट्टुकोट्टई अकराशे किलोमीटरच्या आसपास, कोइंबतूर त्याहून पुढे, ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट (२०११, ५.१ किमी) हजाराच्या घरात. त्यातल्या त्यात जवळचे इंदूरशेजारचे पिथमपूर, पाचशेच्या आसपास. तिथला नॅट्रॅक्स हा वाहन-चाचणीचा प्रकल्प आहे, त्याची ११.३ किमीची अतिवेगवान पट्टी २०२१ मध्ये खुली झाली. नागपूरच्या अभियांत्रिकीच्या पोरांना पिथमपूर ठाऊक असते ते २००७ पासून भरणाऱ्या बाहा या विद्यार्थी स्पर्धेमुळे. चारचाकी स्वतः बांधून, तपासणीत नापास होऊन, रात्रभर वेल्डिंग करून सकाळी पुन्हा रांगेत उभे राहण्याचे शिक्षण त्यांना तिथेच मिळते. कॉलेज सुटल्यावरही ज्यांची खाज जात नाही, ते किट कारकडे वळतात.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ही दुसरी अडचण. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनाच्या नमुन्याला पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून मान्यता लागते, आणि ते काम कारखानदाराच्या ऐपतीचे आहे. जुन्या गाडीच्या आरसीवर नवा सांगाडा चालवून न्यावा, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आड येते. उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे नंबर एमएच-३१ चा की एमएच-४९ चा, हा प्रश्नच येत नाही. गाडी गॅरेजमधून निघते ती टेम्पोवर लादूनच.

समृद्धी महामार्ग शहराच्या वेशीवर शिवमडक्याला सुरू होतो. ७०१ किमी, सरळसोट काँक्रीट. पहाटे तिथे एक चक्कर मारून पाहू, असे कोणीतरी सुचवतोच. तिथली वेगमर्यादा ताशी १२० किमी, गाडी बिननोंदणीची, आणि रस्त्यावर शर्यत वा वेगाची चाचणी लावणे हा कलम १८९ खालचा गुन्हा, ज्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने वाढवली. सुचवणाऱ्याला गप्प बसवणे हे गाडी बांधणाऱ्या मित्रांच्या टोळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्याचे काम.

डोनर म्हणून नागपुरात ओम्नीला तोड नाही. मारुती ८०० चेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरी इंजिन, पण ओम्नीत ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, पुढच्या सीटखाली, आणि शाफ्टने मागची चाके फिरवते. सेव्हनच्या घडणीला नेमके हेच लागते. १९८४ ते २०१९ पर्यंत ती बनत होती, त्यामुळे शाळेची पोरे वाहून वाहून झिजलेली ओम्नी भंगारवाल्याकडे सापडते आणि तिचा प्रत्येक भाग स्पेअरच्या दुकानात मिळतो. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे आणि चाल पुढच्या चाकांना. ते सगळे धूड उचलून चालकाच्या पाठीमागे बसवता येते, पण गिअरच्या लिव्हरची जोडणी डोके खाते. इंजिन जेमतेम ३७ बीएचपीचे (अश्वशक्तीचे) आहे, म्हणून नाक मुरडू नये. साडेसहाशे किलोच्या मारुतीत ते टनामागे ५७ बीएचपी पडते, साडेचारशे किलोच्या किट कारमध्ये ८२. पुढे भूक वाढली तर जिप्सीचे किंवा एस्टीमचे १.३ लिटरचे इंजिन आहेच.

सांगाड्याला २५ मिमीचा चौकोनी, १.६ मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा पाईप पुरतो. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत लेथवाला आणि वेल्डर मिळायला अडचण नाही. अडचण असते ती त्यांना घाई करू न देण्याची. आधी सगळीकडे वेल्डिंगचे नुसते टाके, मग दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, आणि त्यानंतर आलटून पालटून समोरासमोरचे सांधे भरायचे. एका टोकापासून सलग वेल्डिंग मारत गेले की तापलेला पाईप ओढला जातो आणि सांगाडा पिळतो. पिळलेल्या सांगाड्याची गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरेच वळते, आणि ते दुरुस्त करायला कोणताही शॉकअप उपयोगी पडत नाही.

चाचणी गाडी हलण्याआधीच सुरू होते. सपाट फरशीवर चारही चाकांखाली घरगुती वजनकाटे ठेवतात. साडेचारशे किलोची गाडी आणि वर चालक धरला तरी एका चाकावर सरासरी १३० किलो येतात. काटा १५० पर्यंतचा असतो, त्यात भागते. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून एकूण वजनाच्या निम्मे भरायला हवे. नसेल तर स्प्रिंगची बैठक एखादा आटा वरखाली करायची. चालकाच्या जागी वाळूची पोती ठेवणारेही असतात, पण खरा चालक बसवावा. पोते पाय लांब करून बसत नाही.

ट्रॅक नसला तरी चालेल अशी एक चाचणी आहे, आणि नागपूरकरांनी तिचा सर्वांत जास्त उपयोग करावा. एखादे खासगी, काँक्रीट केलेले मोठे आवार मालकाच्या परवानगीने मिळवायचे, मधोमध खिळा ठोकून १५ मीटरच्या दोरीने फक्कीचे वर्तुळ आखायचे आणि त्या रेघेवरून गाडी सुटणार नाही इतक्या जोरात फिरवायची. एक फेरी ९ सेकंदांत झाली तर टायर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.७५ पट आडवा जोर पेलत आहेत. ८ सेकंदांत झाली तर ०.९४ पट. एका सेकंदात एवढा फरक, म्हणून स्टॉपवॉचवाला दोस्त बाहेर एका जागी उभा हवा आणि पाच फेऱ्यांची सरासरी घ्यायला हवी. डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही वेळा घ्याव्यात. त्यांत मोठा फरक आला तर वर सांगितलेला पिळलेला सांगाडा आठवावा.

मोबाइलच्या जीपीएसवर भरवसा ठेवू नये. तो सेकंदाला एकदाच जागा नोंदवत असेल, तर ताशी १०० किमीला दोन नोंदींत जवळजवळ २८ मीटर निघून जातात. तेवढ्यात अख्खे वळण संपते.

सगळ्यात जास्त वाद होतो टायरच्या हवेवर. गाडी थांबते, चालक हेल्मेट काढून म्हणतो, “मागून सुटून रायली बे,” म्हणजे वळणावर मागची चाके घसरताहेत. कोणी स्प्रिंगकडे बोट दाखवतो, कोणी वळणावर गाडी कलू न देणाऱ्या अँटिरोल बारकडे. अनुभवी माणूस एवढेच विचारतो, “हवा पाह्यली का आधी?” जानेवारीच्या सकाळी १२ अंशाला २८ पीएसआय भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला की ३५ च्या आसपास जातो. सात पीएसआयचा हा फरक कुठल्याही स्प्रिंगबदलापेक्षा मोठा. म्हणून गाडी आत आल्याबरोबर, बोनेट उघडण्याच्याही आधी, चारही चाकांची हवा मोजून वहीत लिहितात. टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ मारायची आणि तीन फेऱ्यांनंतर ती कुठवर पुसली गेली ते बघायचे: बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली असेल तर हवा कमी, खांद्यावर शाबूत राहिली असेल तर जास्त. महागडी उपकरणे नंतर घ्यावीत.

एका वेळी एकच बदल, हा नियम सगळे जाणतात आणि दुपारपर्यंत सगळे मोडतात. मूळ मांडणीवर तीन फेऱ्या, बदल करून तीन, आणि मग पुन्हा मूळ मांडणीवर तीन. शेवटच्या तीन कंटाळवाण्या वाटतात. पण मधल्या वेळात ट्रॅक तापला, चालकाचा हात बसला, पेट्रोल कमी होऊन गाडी हलकी झाली. वेळ सुधारली ती बदलामुळे की यामुळे, हे त्यांच्याविना कळत नाही.

भाड्याच्या ट्रॅकवरचा दिवस शिस्तीचा असतो. आधी तपासणी: गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा रोल बार, पट्टे, अग्निशामक, बॅटरी तोडायचा स्विच, ओढायचा हूक. मग सूचना, ओळखीच्या संथ फेऱ्या, आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांचे डाव. पुढे काढायचे ते फक्त सरळ भागात, पुढच्याने इशारा दिल्यावर. पिवळा झेंडा धोक्याचा, तांबडा सगळ्यांना थांबवणारा, निळा मागून वेगवान गाडी येत असल्याचा, काळा म्हणजे तू आत ये. क्रमांक लावले जात नाहीत. मित्रांच्या टोळीत तरी लावले जातातच, पण चहाच्या टपरीवर.

नागपूरचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. ४५ अंशाला हवा १५ अंशाच्या मानाने नऊ टक्क्यांहून जास्त विरळ असते, म्हणजे ३७ बीएचपीतले तीनेक तसेच गेले. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नळीतच उकळते आणि इंजिन गुदमरते. पंपावर ओले फडके टाकण्याचा ट्रकवाल्यांचा उपाय इथेही चालतो, पण पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर नेणे हा खरा इलाज. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रेलर रुतल्यावर तो काढायला ट्रॅक्टर लागतो. त्या चार महिन्यांत ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश; ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो असे प्रमाण आहे, आणि ट्रॅकवर एवढी उष्णता चौथ्या-पाचव्या फेरीत येऊ शकते. पायाखालचे पेडल मऊ पडले की वेळ गेलेली असते, म्हणून दसऱ्यानंतरचे पहिले काम ब्रेक ऑइल बदलणे.

प्रत्यक्ष शर्यतीत उतरायचे तर भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, परवाना लागतो, आणि गाडी कुठल्या ना कुठल्या ठरलेल्या वर्गात बसावी लागते. एकट्याने बांधलेली ओम्नीच्या इंजिनाची गाडी सहसा कशातच बसत नाही. उरतो तो घड्याळाशी सामना: एकेका गाडीने मांडलेल्या शंकूंमधून वाट काढत वेळ लावायची.

खर्च वाटून घेतला तरी नावावर कोणाचे काय, हे आधीच लिहून ठेवतात. आरसी नसल्यामुळे गाडीचा नोंदणीकृत मालक म्हणून कोणी दाखवता येत नाही, नेहमीचा वाहन विमाही मिळत नाही, आणि टोळीतल्या एकाला पुण्याला नोकरी लागली की भांडण ठरलेले. विक्री ओळखीतच होते. बहुतेकदा अख्खी गाडी कोणी घेत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स कोणाच्या तरी चालू ओम्नीत जातो, चाके-टायर दुसऱ्या टोळीकडे, आणि सांगाडा, तो जर सरळ असेल तर, पुढच्या बॅचच्या पोरांकडे.