नाचणाऱ्याचा स्वतःचा ‘मी’: पार्श्वभूमी

स्वतःच्या आयुष्यातून आणि ओळखीतून नृत्यरचना करणाऱ्यांची संख्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढली आहे. कुणी आपल्या लैंगिकतेवर नाचतं, कुणी जातीवर, कुणी म्हाताऱ्या होत चाललेल्या गुडघ्यांवर. या कामाला काय म्हणायचं, यावर मात्र अजून एकमत नाही, आणि ते समजण्यातला निम्मा घोळ नावानेच घातला आहे.

‘कंटेम्पररी’ हा शब्द मराठी घरांत पोचला तो टीव्हीवरून. २००९ साली हिंदी वाहिनीवर एक मोठी नृत्यस्पर्धा सुरू झाली. तिच्यात आणि तिच्यामागून आलेल्या स्पर्धांत कंटेम्पररी म्हणजे संथ गाणं, जमिनीवरची लोळण, जोडीदाराला उचलून फिरवणं आणि शेवटी कोसळणं, असं समीकरण बसलं. गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर हिपहॉप आणि सालसाच्या खाली तोही शब्द चढला. नाचाआधी स्पर्धकाच्या घरची चित्रफीत दाखवायची: वडिलांची नोकरी गेलेली, आई शिवणकाम करते. मग नाच, मग परीक्षकांचे डोळे पुसणं. त्या मुलांची मेहनत खरी होती, दुःखही खरं होतं. पण ते सांगायची चित्रफीत, नाचात हालचाली क्लासमधल्याच. अनुभव एकीकडे राहिला आणि शरीर दुसरीकडे.

‘समकालीन’ हे त्याचं भाषांतर, पण त्यानेही फारसं सुटत नाही. शब्दाचा अर्थ ‘आजचं’ एवढाच घ्यायचा, तर आज सकाळी रियाज केलेलं कथकसुद्धा समकालीनच. सरकारी पुरस्कारांच्या यादीत ‘सर्जनशील’ आणि ‘प्रायोगिक’ हे शब्द येतात, जणू बाकीचे नर्तक काही सर्जन करतच नाहीत. कोलकात्यात १९८० च्या दशकात ‘नवनृत्य’ हा शब्द घडवला गेला. तो सुंदर आहे, पण बंगालबाहेर फार फिरला नाही. ‘आधुनिक’ म्हणावं तर त्यामागे बॅलेविरुद्धच्या बंडाचा पाश्चात्त्य इतिहास येतो, आणि इथे मोडायला बॅले नव्हताच. माझ्या मते ‘समकालीन’ ही शैली मानली की चूक होते. मुद्रा, चक्कर, लोळण यांतलं काहीही चालेल. ते का करायचं, हे नाचणाऱ्याने आपल्या आजच्या जगण्यातून ठरवलं आहे का, एवढंच पाहायचं.

तसा मंचावर ‘मी’ पूर्वीही होताच. बैठकीच्या लावणीतली बाई ‘मी’ म्हणूनच तक्रार करते, आर्जव करते. पण ती लावणी बहुतेकदा पुरुष शाहिराने लिहिलेली. शास्त्रीय नृत्यात ज्यावर अभिनय करतात त्या पदातली नायिकाही तशीच: शब्द कवीचे, परंपरा गुरूची, चेहरा तेवढा तिचा. हा उसना ‘मी’ बाजूला ठेवून आपला आणायचा, ही खरी उडी होती. हिमालयात नृत्यकेंद्र काढणाऱ्या कलावंताची गोष्ट १९४८ सालच्या नृत्यपटातून सांगून एका नर्तकाने ती एकदा मारलेली होती, कारण असं केंद्र त्याने स्वतःच अल्मोड्याला चालवलं होतं. त्याच्या वाटेवर पुढे बरंच काम झालं, पण ‘स्वतःची गोष्ट’ हा धागा काही काळ मागे पडला.

तो धागा पुन्हा हाती लागला, त्यामागे १९५२ चा एक प्रसंग आहे. मद्रासमध्ये एका तरुण नर्तकीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, होता. जन्म तिचा आपल्याकडे, पालघरमधल्या वाडा गावचा. कार्यक्रमाचे पैसे आंध्रातल्या रायलसीमेच्या दुष्काळग्रस्तांना जाणार होते. ती ‘मथुरानगरिलो’ ही रचना करत होती: यमुनेचं भरलेलं पात्र, गोपी, पाण्यातले खेळ. हात पाण्याच्या लाटा दाखवत असताना तिला वर्तमानपत्रातले फोटो आठवले. भेगाळलेली जमीन, छोटे डबे हातात घेऊन पाण्यासाठी लागलेल्या लांबच लांब रांगा. ती आतून थिजली. दुष्काळासाठी नाचताना आपण पाण्याची रेलचेल दाखवतो आहोत, हा विरोध तिला पुढे सोडेना. मधली बरीच वर्षं ती नृत्यापासून जवळजवळ दूरच राहिली.

दरम्यान १९७१ मध्ये अहमदाबादला कथकमध्ये ‘दुविधा’ आली. तिच्यात राधा नव्हती. घर आणि स्वतःचं स्वातंत्र्य यांच्यामध्ये ओढली जाणारी मध्यमवर्गीय बाई होती. वर्तमानपत्रात दिसणारी, केसांत पांढरी बट असलेली एक आत्मविश्वासू स्त्री तिला खुणावत राहते. ही रचना कथकवाल्यांच्या आठवणीत आहे, पण समकालीन नृत्याच्या चर्चेत तिला तिचा मान मिळालेला नाही, आणि ते मला खटकतं.

१९८४ मध्ये मुंबईत, नरिमन पॉइंटला, देशी-परदेशी नर्तकांचा एक मेळावा भरला. वाड्याची ती नर्तकी तिथे मंचावर परतली. पुढच्याच वर्षीच्या तिच्या ‘अंगिका’ या रचनेत देव नव्हते, नायिका नव्हती. भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कळरिपयट्टू यांतून उभं राहिलेलं शरीर होतं. नंतरच्या ‘श्री’मध्ये पाठीचा कणा वाकलेल्या बायका मंचावरून सरकत जातात. कुठलीही कथा न सांगता बाईचं दबलेपण त्या कण्यातच दिसतं. चित्रफितीची गरज पडत नाही, ती अशी.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, आणि दिल्लीतल्या एका नृत्यदिग्दर्शकाने २०१६ मध्ये ‘क्वीन-साइझ’ केलं. एक खाट, दोन पुरुष, त्यांची जवळीक. घोषणा नाही, पत्रक नाही. प्रेक्षकाने हवं तेव्हा यावं, हवं तेव्हा उठून जावं. बघत किती वेळ बसायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम गेलं.

आताचा वाद जातीचा आहे, आणि तो अवघड आहे. १९३० च्या दशकात उच्चवर्णीय घरांतल्या मुली सादिर, म्हणजे देवदासींचं नृत्य, शिकू लागल्या, त्याचं भरतनाट्यम झालं. १९४७ च्या मद्रासच्या कायद्याने देवदासींचं मंदिरातलं नृत्य गुन्हा ठरवलं. ज्या घराण्यांकडून ते नृत्य घेतलं गेलं, त्यांतल्या आजच्या नर्तकी विचारतात की आमच्या आज्यांच्या अंगातलं काढून घेऊन, शुद्ध करून, त्यावर तुम्ही तुमचा ‘मी’ उभा केलात, तर आमचा कुठे आहे? त्यांतल्या काहीजणी तोच जुना शृंगार, तीच पदं, कुटुंबाची ओळख उघड सांगून नाचतात. रचना जुनी, पायऱ्या जुन्या. टीव्हीच्या व्याख्येत ते कंटेम्पररी बसणार नाही.