वकिलांचे संकेतस्थळ: माहिती कोणती आणि जाहिरात कोणती

वकिलाने स्वतःचे संकेतस्थळ ठेवावे की ठेवू नये, हा प्रश्न भारतात २००८ मध्येच सुटला आहे. तरीही नव्याने कार्यालय थाटणारे अनेक वकील आजही दोन टोकांच्या समजुतींपैकी एकीत अडकलेले दिसतात. काहींना वाटते की इंटरनेटवर नाव दिसले तरी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, धोक्यात येते, आणि म्हणून ते साधा पत्ता व दूरध्वनीही कुठे देत नाहीत. काहींना वाटते की संकेतस्थळाला परवानगी मिळाली म्हणजे ऑनलाइन सगळेच चालते, आणि ते एखाद्या मार्केटिंग एजन्सीच्या हाती सर्व कारभार सोपवून मोकळे होतात. या दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे: स्वतःविषयी माहिती उपलब्ध ठेवणे आणि काम मागणे या दोन कृती पडद्यावर अगदी सारख्या दिसतात, मात्र नियमांच्या दृष्टीने त्यांतली एक मान्य आहे आणि दुसरी गैरवर्तन आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेने अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ खाली केलेल्या नियमांतला छत्तिसावा नियम या विषयाचा पाया आहे. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागू नये व जाहिरात करू नये, असे तो सांगतो, आणि पत्रके, जाहिराती, दलाल, व्यक्तिगत संपर्क, वैयक्तिक ओळख नसताना घेतलेल्या भेटी, वृत्तपत्रांतून छापून आणलेली टिप्पणी, तसेच स्वतः चालवलेल्या खटल्याच्या संदर्भात प्रसिद्ध केलेली छायाचित्रे हे सारे मार्ग तो नावानिशी मोजतो. नामफलक वाजवी आकाराचा असावा आणि त्यावर आपण अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य असलेले आहोत किंवा पूर्वी न्यायाधीश होतो असे लिहू नये, इतक्या बारकाईपर्यंत हा नियम जातो. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द त्यात जाणीवपूर्वक घातलेला आहे. जाहिरात संस्थेने केली, वकिलाने स्वतः केली नाही, हा बचाव म्हणूनच टिकत नाही.

या कठोरपणामागे मुंबईतला एक जुना अनुभवही आहे. एस्प्लनेड येथील फौजदारी न्यायालयांबाहेर येणाऱ्या संभाव्य पक्षकारांवर काही वकील अक्षरशः झडप घालत, एकमेकांशी ओढाताण करत आणि कमी फी सांगून काम पळवत, अशा तक्रारींवरून उद्भवलेले ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ मध्ये न्यायालयाने अशा वर्तनावर कडक ताशेरे ओढले. न्यायालयाचा रोख स्पष्ट होता: अडचणीत सापडलेला माणूस वकील निवडतो तेव्हा त्याला शांतपणे निवड करता आली पाहिजे. आजच्या ऑनलाइन प्रश्नांचा निवाडा करताना मला हाच निकष सर्वांत उपयोगी वाटतो. माणूस स्वतःहून शोधत आला आणि त्याला खरी माहिती मिळाली, तर त्याचे स्वातंत्र्य वाढते. तो संकटात असताना कोणी त्याच्या मोबाइलवर जाऊन त्याला गाठले, तर ते आकुंचन पावते.

छत्तिसाव्या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेल्यानंतर २००८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि नियमाच्या परिशिष्टात नमूद केलेली माहिती संकेतस्थळावर देण्याची मुभा मिळाली. नाव, पत्ता, दूरध्वनी व ई-मेल; सनद क्रमांक, सनद मिळाल्याची तारीख, मूळ नोंदणी ज्या राज्य परिषदेत (राज्याच्या बार कौन्सिलमध्ये) झाली तिचे आणि सध्या ज्या परिषदेच्या पटावर, म्हणजे वकिलांच्या नोंदवहीत, नाव आहे तिचे नाव, वकील संघाचे सभासदत्व; शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता; आणि कामाची क्षेत्रे, एवढीच ती यादी आहे. दिलेली माहिती खरी असल्याचे निवेदनही सोबत द्यावे लागते. या यादीतले शेवटचे कलम सर्वाधिक महत्त्वाचे आहे आणि सर्वाधिक घोटाळाही तिथेच होतो. नामफलकावर विशेष प्रावीण्य लिहिण्यास मनाई करणारा नियमच संकेतस्थळावर कामाची क्षेत्रे सांगण्यास परवानगी देतो. ही विसंगती वाटू शकते, पण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. ‘कौटुंबिक, दिवाणी व सहकारी संस्थांची प्रकरणे’ हे विधान आपण काय काम करतो ते सांगते आणि त्याची शहानिशा करता येते. ‘घटस्फोटाचे अग्रगण्य तज्ज्ञ’ हे विधान आपण इतरांपेक्षा सरस असल्याचा दावा करते, आणि तो पडताळण्याचे कोणतेही साधन वाचकाकडे नसते.

इथे एक तांत्रिक बाब जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती बहुतेक वकिलांच्या नजरेतून सुटते. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाला एक शीर्षक आणि एक छोटे वर्णन दिलेले असते. ते पानावर ठळकपणे दिसत नाही. शोधयंत्राच्या निकालात मात्र निळ्या ओळीच्या आणि तिच्याखालच्या दोन ओळींच्या रूपात जगाला तेच आधी दिसते. पानावरचा मजकूर वकिलाने स्वतः तपासलेला, संयमित आणि नियमात बसणारा असतो. हे शीर्षक मात्र एजन्सीतला एखादा कर्मचारी भरतो, आणि तिथे ‘शहरातील सर्वोत्तम फौजदारी वकील, खात्रीशीर जामीन, आजच फोन करा’ असे लिहिलेले सापडते. शोधयंत्राच्या निकालातली ती ओळ हाच आजचा नामफलक आहे, असे मी मानतो. तिथे वकिलाचे नाव, शहर आणि कामाचे क्षेत्र एवढेच असावे. ‘सर्वोत्तम’, ‘खात्रीशीर’ आणि ‘आजच’ या तीन शब्दांपैकी एकही तिथे दिसला तर माहितीची जागा जाहिरातीने घेतली आहे. त्यातही जामिनाची खात्री देणारा वकील न्यायालयाच्या अधिकारातली गोष्ट आपल्या नावाने विकत असतो, ही सर्वांत गंभीर बाब आहे.

शोधयंत्रात वर दिसण्याचे दोन मार्ग आहेत आणि मार्केटिंगची मंडळी ते एकाच दमात सांगतात, म्हणून त्यांची फोड करणे आवश्यक आहे. पहिल्या मार्गात संकेतस्थळ जलद उघडावे, मोबाइलवर नीट वाचता यावे, पानांची रचना शोधयंत्राला समजावी आणि मजकूर शोधणाऱ्याच्या प्रश्नाला खरोखर उत्तर देणारा असावा, यासाठी मेहनत घेतली जाते. या जागेसाठी शोधयंत्राला पैसे दिले जात नाहीत. दुसऱ्या मार्गात ठरावीक शब्दांवर बोली लावली जाते, प्रत्येक क्लिकमागे पैसे मोजले जातात आणि निकालाच्या वर ‘प्रायोजित’ अशी चिठ्ठी लागलेली जागा मिळते. पहिल्या मार्गाविषयी नियमांत थेट उल्लेख नाही, परंतु परवानगी असलेली माहिती सुवाच्य आणि सापडण्याजोगी ठेवणे यात काम मागणे येते असे मला वाटत नाही, अर्थात वर सांगितलेली शब्दांची मर्यादा पाळली तरच. दुसऱ्या मार्गाविषयी मात्र वाद घालायला जागाच उरत नाही. ज्या गोष्टीवर शोधयंत्र स्वतःच प्रायोजित असा शिक्का मारते, तिला माहिती म्हणता येणार नाही.

याच दुसऱ्या मार्गाचा आणखी आक्षेपार्ह प्रकार म्हणजे पाठलाग करणाऱ्या जाहिराती. एखादी व्यक्ती घटस्फोटाविषयीचे पान वाचून जाते, आणि त्या पानात बसवलेल्या कोडमुळे पुढे कित्येक दिवस बातम्या वाचताना किंवा व्हिडिओ पाहताना तिला त्याच वकिलाचे नाव दिसत राहते. घरातला संगणक किंवा मोबाइल अनेकांच्या हातात असतो. पत्नीने वा पतीने कोणाला न सांगता घेतलेला शोध अशा वेळी दुसऱ्यासमोर उघडा पडू शकतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात याचा परिणाम काय होईल हे वेगळे सांगायला नको. गूगलच्या स्वतःच्या धोरणातही घटस्फोट किंवा गुन्ह्याचा आरोप यांसारख्या वैयक्तिक अडचणींच्या आधारे लोकांना लक्ष्य करण्यावर बंधने आहेत. वकिलाच्या संकेतस्थळावर असा कोड असूच नये, आणि एजन्सीने तो मोजमापाच्या नावाखाली बसवला असेल तर काढून टाकण्यास सांगावे.

वकिलांची यादी देणाऱ्या आणि ग्राहक मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांची स्थिती जुलै २०२४ मध्ये बरीच स्पष्ट झाली. मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवर जाहिरात करणाऱ्या वकिलांविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई करण्यासाठी राज्य परिषदांना परिपत्रक पाठवण्याचा आदेश बार कौन्सिल ऑफ इंडियाला दिला आणि अशा मंचांवर वकिलांना मानांकन देऊन त्यांच्या सेवा किंमत लावून मांडण्याच्या प्रथेवर टीका केली. इथेही दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. वकील संघाच्या सभासदांची नावे व दूरध्वनी देणारी सूची ही माहिती आहे. चौकशी करणाऱ्याचा नंबर घेऊन तो पैसे भरणाऱ्या वकिलाला विकणारा मंच मात्र जुन्या दलालाचेच काम करतो, फक्त कोर्टाच्या आवाराऐवजी मोबाइलवर. दलालांच्या याद्या तयार करून त्या न्यायालयात लावण्याची तरतूद १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टमध्ये होती आणि २०२३ च्या दुरुस्तीने ती अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये आणली गेली, यावरून कायदा या प्रश्नाकडे किती गांभीर्याने पाहतो ते कळते. शिवाय वकील नसलेल्या व्यक्तीशी फीची वाटणी करण्यास बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, त्यामुळे प्रत्येक प्रकरणामागे टक्केवारी मागणाऱ्या मंचाशी केलेला करार त्या कारणानेही अडचणीत येतो.

लेख आणि व्हिडिओ यांबाबत मला अधिक मोकळीक असावी असे वाटते. भाडेकराराची नोंदणी का करावी, धनादेश न वटल्यास नोटीस किती दिवसांत द्यावी, वारसा दाखला आणि मृत्युपत्राचे प्रोबेट यांत काय फरक आहे, हे साध्या मराठीत सांगणारा लेख ही समाजाची सेवाच आहे, आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला तर अशा लेखाची गरज अधिक आहे. पण त्याच लेखाच्या शेवटी ‘आम्ही अशी प्रकरणे जिंकली आहेत, संपर्क साधा’ ही ओळ आली की लेखाचा हेतू बदलतो. कोर्टाच्या पायऱ्यांवर काळा कोट घालून निकालाच्या दिवशी काढलेले रील तर छत्तिसाव्या नियमाच्या मूळ शब्दांतच सापडते, कारण स्वतः चालवलेल्या प्रकरणाच्या संदर्भातली छायाचित्रे त्यात पूर्वीपासूनच निषिद्ध आहेत. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने समाजमाध्यमांवरील अशा प्रसिद्धीविरुद्ध पुन्हा इशारा दिला.

पक्षकारांनी लिहिलेल्या अभिप्रायांचा प्रश्न नाजूक आहे. ऑनलाइन नकाशावरच्या कार्यालयाच्या नोंदीखाली कोणी काय लिहावे हे वकिलाच्या हातात नसते, आणि तसा अभिप्राय आला म्हणून वकिलाने जाहिरात केली असे होत नाही. ते अभिप्राय मागून घेणे, निवडून संकेतस्थळावर लावणे किंवा त्या नोंदीतली ‘ऑफर’ जाहीर करण्याची सोय वापरणे ही मात्र वकिलाची स्वतःची कृती ठरते. नाराज पक्षकाराच्या टीकेला जाहीर उत्तर देताना तर दुहेरी काळजी हवी. ‘यांनी आम्हाला कागदपत्रेच दिली नव्हती’ असे एक वाक्यही पक्षकाराने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी उघड करू शकते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम १३२ त्या गोष्टींना संरक्षण देते. टीकेला जाहीर उत्तर न देता त्या व्यक्तीला थेट फोन करणे हाच योग्य मार्ग आहे.

अनेक विधी संस्थांच्या संकेतस्थळावर प्रवेश करताच एक चौकट उघडते. आपण स्वेच्छेने माहिती पाहत आहात, संस्थेने कोणतीही मागणी वा जाहिरात केलेली नाही, असे त्यात असते आणि ‘मान्य’ दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही चौकट ठेवण्यास हरकत नाही, पण तिचे सामर्थ्य मर्यादित आहे. चौकटीमागच्या पानावर तुलना, आश्वासने आणि जिंकलेल्या खटल्यांची यादी असेल, तर वाचकाने ‘मान्य’ दाबल्यामुळे ती जाहिरात माहितीत रूपांतरित होत नाही; आणि पानावर केवळ परिशिष्टातली माहिती असेल, तर चौकट नसली तरी फारसे बिघडत नाही.

प्रकरणांच्या तारखा सांभाळणारे सॉफ्टवेअर, ई-फाइलिंग, कागदपत्रांची सुरक्षित साठवण, पक्षकाराला पुढच्या तारखेचा संदेश पाठवणे या गोष्टी विक्रीच्या सोयीसाठी मार्केटिंगच्याच पॅकेजात विकल्या जातात, परंतु त्यांचा छत्तिसाव्या नियमाशी संबंध नाही. स्वतःच्या पक्षकाराला तारीख कळवणे हे कर्तव्य आहे. फक्त संदेशांच्या त्याच यादीतल्या जुन्या पक्षकारांना आणि त्यांच्या ओळखीच्यांना सणाच्या निमित्ताने ‘आमच्या नव्या सेवा’ कळवणारा सामूहिक संदेश गेला, की तोच संदेशव्यवहार व्यक्तिगत संपर्कातून काम मागणे ठरू शकतो.

एजन्सीकडून मिळणारे सल्ले बहुधा अमेरिकेतल्या मार्गदर्शिकांवर आधारलेले असतात, आणि तिथली कायदेशीर चौकटच वेगळी आहे. ‘बेट्स विरुद्ध स्टेट बार ऑफ अॅरिझोना’ या १९७७ च्या निकालाने वकिलांच्या जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले, आणि तिथले वकील तेव्हापासून दर जाहीर करूनही जाहिरात करू शकतात. भारतातही तसा बदल व्हावा असे मत कोणाला मांडायचे असेल तर ते अवश्य मांडावे. जोपर्यंत नियम बदललेला नाही तोपर्यंत परदेशी नमुना इथे जसाच्या तसा उतरवणारी एजन्सी स्वतः काहीच गमावत नाही. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली समज देणे, काही काळ वकिली थांबवणे किंवा पटावरून नाव कमी करणे या शिक्षा वकिलालाच होतात. म्हणून एजन्सीशी करार करताना त्यात तीन गोष्टी लेखी असाव्यात: शीर्षके व वर्णनांसह प्रत्येक मजकूर वकिलाच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्ध होणार नाही, वकिलाच्या नावाने कोणतीही प्रायोजित जाहिरात किंवा मंचावरील नोंद सशुल्क केली जाणार नाही, आणि संकेतस्थळाचे डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) व सर्व खाती वकिलाच्या स्वतःच्या नावावर नोंदलेली राहतील. शेवटची अट अनेकांना दुय्यम वाटते, परंतु डोमेन एजन्सीच्या नावावर असेल तर आक्षेपार्ह मजकूर काढायचा अधिकारही वकिलाच्या हातात राहत नाही, आणि तक्रार आल्यावर तो मजकूर तत्काळ काढता येणे फार महत्त्वाचे असते.